कल्हईवाला, नग एक

आमच्या निंबसोडीत सहा वर्षांखालच्या मुलांना ज्या वस्तूंची नावं येतात, तेवढ्याच वस्तू असतात. ज्यांची नावं येत नाहीत त्या पौष महिन्यात शब्दपुरवठा खात्याचा टेम्पो येऊन घेऊन जातो. ज्यांची येतात पण गावात नसतात, त्या तोच टेम्पो सवडीने आणून देतो. इतर तालुक्यांत काय पद्धत आहे ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे ही आहे, आणि टेम्पोवाला सज्जन आहे, सामान आपटत नाही.

सहा वर्षांखालचीच मुलं का, असं मी एकदा निरीक्षक कुरणे साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, “मोठी माणसं न कळलेले शब्दही वापरतात, बाई. त्यांच्या भरवशावर साठा ठेवला तर मेळ बसत नाही.” मला ते पटलं. आमचे सरपंच हिंदुराव मोकाशी प्रत्येक भाषणात ‘सर्वांगीण विकास’ म्हणतात, आणि तसलं काही अजून कुठल्या टेम्पोतून उतरलेलं नाही.

अंगणवाडीत पूर्वी फक्त गोष्टींची पुस्तकं होती. कुणा दानशूर माणसाने एक पेटीभर दिलेली. आधीच्या बाई तीच आलटूनपालटून वाचायच्या. त्यामुळे गावात सिंहासनं बरीच झाली. एक ग्रामपंचायतीत आहे, त्यावर सरपंच बसतात. बाकीची समाजमंदिरात रचून ठेवली आहेत. एक सिंह आहे, तो म्हातारा झालाय आणि डेअरीच्या पत्र्याखाली पडून असतो. एक राक्षस आहे, तो डेअरीतच दुधाचे कॅन उचलतो आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसतो. पण उपकेंद्रातला थर्मामीटर गेला, तेव्हापासून नर्सबाई कपाळाला हात लावून ताप सांगतात. गटार गेलं. गवंड्याचा ओळंबा गेला आणि नवी शाळा जरा पूर्वेकडे कलली. गोष्टींशी माझं वैर नाही. मलाही त्या आवडतात. पण नुसत्या गोष्टींवर गाव चालत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

माझे यजमान कल्हई करायचे. घरासमोरच्या चिंचेखाली त्यांची भट्टी असायची, मी भाता हलवायची आणि ते तांब्या-पितळेची भांडी आतून पांढरीशुभ्र करून द्यायचे. आमच्या गावात माणसाला त्याच्या कामावरून हाक मारणं उद्धटपणाचं समजतात. शिंपी मामा असतो, वायरमन दाजी असतो, तसे हे सगळ्यांचे अण्णा होते. बायका भांडं देताना पोराला सांगायच्या, “जा, अण्णाकडं दिऊन ये.” यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पौषात कुरणे साहेब आले. मुलांना रांगेत घेऊन गावातून हिंडले. चिंचेखाली थांबले आणि यांच्याकडे बोट करून विचारलं, “हे कोण?”

“अण्णा!” पोरं एकदम ओरडली.

“काय करतात?”

पोरांनी विचार केला. “बसत्यात,” एक म्हणाला. “धूर काढत्यात,” दुसरा म्हणाला.

“बरं. असं काम करणाऱ्याला काय म्हणतात?”

“अण्णा!”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. माझ्याकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, “अण्णा सबंध जिल्ह्यात आहेत, बाई. त्यावर मला माणूस ठेवता येत नाही.”

हे शांतपणे उठले. हात धुतले, टोपी घातली आणि टेम्पोत जाऊन बसले. मागोमाग भट्टी, भाता, चिमटे, घरातली झाडून सगळी तांब्याची भांडी गेली, कारण त्यांचीही नावं कुणाला येत नव्हती. मांजर राहिलं. मांजर सगळ्यांना येतं. टेम्पो सुरू झाल्यावर हे वाकून म्हणाले, “ऐकलंस का, त्याला पहिला घास घालत जा.” घरात जेवायला बसले की पहिला घास ते मांजरापुढे टाकायचे. मी हो म्हटलं. टेम्पो वळणापलीकडे गेल्यावर मी उंबऱ्यावर बसून खूप रडले.

रडून झाल्यावर मी तालुक्याला गेले. जप्त माल गोदामात असतो, आणि गुरुवारी भेटता येतं. हे एका बाकावर बसले होते. एका बाजूला तागडी, दुसऱ्या बाजूला उखळ. शर्टाच्या गुंडीला लेबल बांधलेलं: ‘कल्हईवाला, नग एक’.

“किती दिवस ठेवता?” मी कुरणे साहेबांना विचारलं.

“पुढच्या पौषापर्यंत. तोवर गावात शब्द सापडला तर माल परत. नाही सापडला तर निर्लेखित.”

“निर्लेखित म्हणजे?”

“म्हणजे कधी नव्हताच.”

ते हे वाईट मनाने बोलले नाहीत. मला पाणीसुद्धा विचारलं. मी पाणी प्याले आणि ठरवलं की असं होऊ द्यायचं नाही.

त्याच सुमाराला अंगणवाडीच्या आधीच्या बाई निवृत्त झाल्या. माझी बारावी झाली होती, मी अर्ज केला. अर्जात ‘या पदावर येण्याचा उद्देश’ असा रकाना होता. त्यात मी ‘नवरा सोडवून आणणे’ असं लिहिलं. मुलाखतीला बसलेल्या मॅडमनी ते वाचलं आणि विचारलं, “आणि मुलांचं काय?”

“मुलांशिवाय ते सुटत नाहीत,” मी म्हटलं.

मॅडमनी मान डोलावली. मला नोकरी मिळाली.

पहिल्यांदा मी जे सगळे करतात तेच केलं. मुलांकडून पाठ करून घेतलं. रोज प्रार्थनेनंतर सगळी पोरं एका सुरात म्हणायची, “कल्हईवाला म्हणजे भांड्यांना कल्हई करणारा.” सूर छान लागला होता. रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची. श्रावणात मधली तपासणी असते, तेव्हा मी ते कुरणे साहेबांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

“कल्हई म्हणजे काय?” त्यांनी पुढच्या बाकावरच्या समर्थला विचारलं.

“कल्हईवाला करतो ती,” समर्थ म्हणाला.

“आणि कल्हईवाला?”

“कल्हई करतो त्यो.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “पाठ केलेल्या शब्दाला वजन नसतं, बाई. टेम्पोत टाकला की वाऱ्याने उडून जातो. मुलानं तो न विचारता, आपण होऊन, कामाच्या वेळी वापरला पाहिजे. नियमच आहे तसा.”

त्या गुरुवारी मी गोदामात गेले. यांना सांगितलं, मांजर बरं आहे, पहिला घास घालते. हे माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “कुठलं मांजर?” मी बाहेर येऊन साहेबांना विचारलं, हे काय? ते म्हणाले, “गोदामात लेबलवर आहे तेवढंच टिकतं, बाई. बाकीचं हळूहळू झडतं. सगळ्यांचंच होतं.” तिथून मी एस.टी. स्टँडवर गेले नाही, समोरच्या वाचनालयात गेले.

कल्हईवर लहान मुलांचं पुस्तक आहे का, असं ग्रंथपालांना विचारलं. ते नाही म्हणाले. मग मी विचार केला की कल्हईला काय काय लागतं? आग लागते. हवा लागते. तांबं, पितळ, कथील लागतं. भांडं लागतं, आणि भांड्यात आंबट काही शिजवणारी बाई लागते. ग्रंथपालांनी तळाच्या फळीकडे बोट दाखवलं. तिथे हवेचं पुस्तक होतं, आगीचं होतं, धातूंचं होतं, स्वयंपाकघराचं होतं. मोठी चित्रं, थोडी अक्षरं, आणि वर्षानुवर्षं कुणी न नेल्यामुळे पानं एकमेकांना चिकटलेली. मी सगळी पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी हवेचं पुस्तक उघडलं. पोरांनी पुढची-मागची पानं उलटून पाहिली.

“बाई, ह्यात राजा कुठाय?” रेवाने विचारलं. ही रेवा पाच वर्षांची, आणि ती अडून बसली की बैल लावले तरी हलत नसे.

“ह्यात राजा नाही. ह्यात हवा आहे.”

“मग तिचं काय हुतं?”

“गरम झाली की वर जाते.”

“मग?”

“मग तिच्या जागी दुसरी येते.”

रेवाने पुस्तक परत पहिल्या पानावर आणलं. “परत वाचा,” ती म्हणाली.

मी परत वाचलं. तेच पुस्तक कितीदा तरी वाचलं. दर वेळी एखाद्या शब्दापाशी थांबायचे आणि म्हणायचे, हे आपल्याकडे कुठं आहे ते बघू. मग आम्ही उठून बघायला जायचो. फुंकणी बघितली, सायकलचा पंप बघितला, झोपलेल्या सिंहाचं पोट वरखाली होतं ते लांबून बघितलं. प्रत्येक वस्तूला आमचे तीन प्रश्न ठरलेले: दिसतं कसं? करतं काय? राहतं कुठं? मुलं घरी जाऊन तेच आईला विचारायची. गावातल्या बायका माझ्यावर चिडल्या, कारण भाकरी थापताना कुणी हवेबद्दल विचारलं की भाकरी फाटते. मी काही थांबले नाही.

मग एक दिवस समर्थ पंपाकडे बघून म्हणाला, “ह्यो भात्याचा भाऊ हाय.” पुस्तकात लोहाराच्या भात्याचं चित्र होतं, ते त्याने मनात धरून ठेवलं होतं. त्याच आठवड्यात टेम्पो आला आणि आमचा भाता अंगणात उतरवून गेला. चामड्याला अजून यांच्या हाताचा तेलकट डाग होता. मी त्यावरून हात फिरवला आणि पुढचं पुस्तक काढलं.

तांब्याच्या हंडीच्या वेळी घोटाळा झाला. मुलांना हंडी पुस्तकातून चांगली कळली, टेम्पोही वेळेवर आला, पण हंडी आली ती अंगठ्याएवढी आणि सपाट. चित्रात होती तेवढीच. टेम्पोवाला म्हणाला, “पोरांनी सांगितली तशी आणली, बाई.” त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी चित्र दाखवून झालं की मुलांना अंगणात न्यायचे आणि हात पसरायला लावायचे. एवढी? का एवढी? हंडीला तिघांनी मिळून मिठी मारून दाखवली. पुढची हंडी तिघांच्या मिठीत मावेल एवढी आली. सपाट हंडी मी मांजराला खेळायला दिली.

खरं संकट आगीच्या पुस्तकाने आणलं. शेवटच्या पानावर ज्वालामुखी होता. मी तिथवर पोचले नव्हते, पण मुलं पोचली. चार दिवसांत खात्याचं पत्र आलं: निंबसोडीस ज्वालामुखी, नग एक, मंजूर, जागेचा सातबारा जोडावा.

सरपंचांनी तातडीने ग्रामसभा बोलावली. सिंहासनावर बसून ते म्हणाले, “बाई, तुमचं दुख आमाला कळतं. पण एका माणसापायी गावात डोंगूर पेटवायचा म्हंजे अती झालं. गोष्टीत काय वाईट हुतं? सिंव्ह आला, त्यो गपगार पडून हाय. राक्षस आला, त्यो आयकर भरतोय. ह्या माहितीच्या पुस्तकांत समदं खरं असतंय, आन् खऱ्याचा भरवसा न्हाई. पुस्तकं परत करा.”

सगळ्यांनी माना हलवल्या. राक्षसाने मागे उभं राहून नम्रपणे हात वर केला आणि म्हणाला, मला आगीची भीती वाटते.

मी उभी राहिले. “अर्धवट वाचलं म्हणून ज्वालामुखी आला,” मी म्हटलं. “पूर्ण वाचू द्या. तोवर सातबारा जोडू नका.”

“किती दिस?”

“मुलांना कळेपर्यंत.”

सभेत चुळबुळ झाली. पण सातबारा द्यायला तलाठी रजेवर होता, त्यामुळे मला वेळ मिळाला. शेवटचं पान मी मुलांबरोबर सावकाश वाचलं. धातूंच्या पुस्तकात दगडांचं एक प्रकरण होतं, तेही वाचलं. मग मुलांना गावामागच्या खाणीवर नेलं आणि काळ्या दगडावर हात ठेवायला लावले. पुढच्या ग्रामसभेला कुरणे साहेब स्वतः आले होते, जागा बघायला. रेवा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“सायब, त्यो आता हितं येत न्हाई,” ती म्हणाली. “आपल्याकडचं ज्वालामुखी लई लई आधी येऊन गेलं. तवा माणसं बी नव्हती. त्येचा रस वाहिला आन् गार झाला. ह्यो काळा दगड म्हंजे त्योच हाय. तुमी उभं हाय त्याच्यावरच.”

साहेबांनी पायाखाली पाहिलं. वाकून दगडाला हात लावला. मग पत्राच्या पाठीमागे त्यांनी शेरा लिहिला, तो वाचून दाखवला: ‘पुरवठा पूर्वीच झालेला आहे. प्रकरण बंद.’

लोकांनी टाळ्या वाजवल्या. राक्षस रडला. सभा संपल्यावर सरपंच मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “बाई, पोरं हल्ली सिंहासन म्हणंनाशी झाल्यात. त्येचं एखादं माहितीचं पुस्तक असंल का?” मी त्यांना सुतारकामाचं आणून दिलं. आता मुलांना सिंहासनाचे पाय, पाठ, हात आणि सांधे सगळं येतं, आणि एक पाय वाळवीने खाल्लाय हेही येतं. सरपंच त्यावर जरा बेतानेच बसतात.

अंगण भरत चाललं. भट्टी आली, कोळसा आला, चिमटे आले, कथलाची कांडी आली, नवसागराची पुडी आली. स्वयंपाकघराच्या पुस्तकामुळे चिंच-कोकम आणि पितळेचं भांडण मुलांना कळलं: आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवला की कळकतो, हिरवट होतो आणि पोटात गेला तर माणूस आजारी पडतो. कल्हई हा शब्द त्यात दोनदा येत होता. कल्हईवाला एकदाही नव्हता. तेवढा मी तोंडाने सांगितला. सारखा नाही. जिथे त्याची गरज पडायची तिथेच. वस्तू सगळ्या येऊन बसल्या होत्या, मधली जागा तेवढी रिकामी होती. जेवताना मी त्या जागेकडे बघायचे आणि मांजराला पहिला घास घालायचे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी हे मला “बाई” म्हणाले. “बाई, काही काम होतं का?” असं विचारलं. मी म्हटलं, आहे, लवकरच आहे. त्यांना ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

पौषात कुरणे साहेब आले. त्यांना मुलांबरोबर बसायचं असतं आणि मला गप्प राहायचं असतं. डोळ्याने खुणवलं तरी तपासणी रद्द होते, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मुलं सकाळभर बोलत होती. हवा, वाफ, कोळसा, सांधा, कथील, नुसता पाऊस पडत होता शब्दांचा. साहेब खुणा करत होते. थर्मामीटर परत मिळाला, गटार मिळालं. तो एक शब्द मात्र कुणाच्या तोंडी येईना. मुलांना तो येत होता, मला माहीत होतं. पण कल्हईचं काम निघाल्याशिवाय कल्हईवाल्याचं नाव कोण कशाला काढेल? भिंतीला एक बारीक भेग होती, तिच्याकडे बघत मी उभी राहिले आणि हलले नाही.

दुपारी साहेबांनी डबा उघडला. डब्यात त्यांच्या आईची जुनी पितळेची वाटी होती आणि वाटीत चिंच घातलेली आमटी. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“सायब, ती खाऊ नका,” समर्थ म्हणाला.

“का रे?”

“वाटी आतनं बघा की. पिवळी दिसतीया. कल्हई गेलीया तिची. आमटी आंबट हाय, ती कळकणार. पोटात दुखंल तुमच्या.” मग, मोठी माणसं लहानांना सांगतात तशा आवाजात तो म्हणाला, “आदी कल्हईवाल्याकडं द्या. मग खावा.”

साहेबांनी वाटी उजेडात धरून आत पाहिलं. तुकडा खाली ठेवला, हात पुसला, पेनाचं टोपण काढलं आणि एक खूण केली.

“बाई, वळलात तरी चालेल,” ते म्हणाले.

मी वळले. मग मी माझ्या डब्यातली भाकरी त्यांना दिली, कारण ते उपाशी होते.

टेम्पो दोन दिवसांनी आला. हे मागच्या बाजूने उतरले. तीच टोपी, गुंडीला तेच लेबल. मी पुढे झाले. त्यांनी माझ्याकडे पाहून टोपी सारखी केली आणि म्हणाले, “बाई, कल्हईची भांडी हायत का?”

मी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. “कल्हईवाला सापडला, बाई, कल्हईवाला आणला,” तो म्हणाला. “दुसरं कायी मागणीत नव्हतं.”

त्याचं बरोबर होतं. मी यांना अंगणात नेलं. भट्टी, भाता, कथील बघून त्यांचा चेहरा खुलला. कुणाचं हो एवढं सामान, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुमचंच. त्यांना गंमत वाटली. चहा घ्यायला आत या म्हटलं तर म्हणाले, नको, इथंच बरं, आणि अंगणाच्या कडेला, परका माणूस बसतो तसे टेकले. कप परत देताना त्यांनी तो विसळून दिला. त्या विसळलेल्या कपाने मला जेवढं लागलं तेवढं तर टेम्पो गेला त्या दिवशीही लागलं नव्हतं.

मी ठरवलं, वाचायचं. माणसांचं पुस्तक आणायचं, घराचं आणायचं, लागेल ते सगळं आणायचं. एक पौष गेला तर दुसरा. त्या दिवशी अंगणवाडी अंगणातच भरवली, कारण कल्हई पुस्तकात नव्हती आणि आता समोर होती. मुलं भट्टीभोवती गोल बसली. मी भात्यावर बसले. यांनी मोठी हंडी विस्तवावर फिरवली, नवसागर टाकला, पांढरा धूर उठला. कथलाची कांडी टेकवून कापसाने फिरवली आणि हंडी आतून चंद्रासारखी उजळली. मुलांनी श्वास रोखून धरला.

“अण्णा, अजून एकदा,” समर्थ म्हणाला.

“कोण अण्णा?” यांनी विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एवढ्या मोठ्या माणसाला स्वतःचंच येत नाही, हे त्यांना नवीन होतं. पण न येणाऱ्याला कसं सांगायचं ते त्यांना आता येत होतं. रेवा उठली. फ्रॉक झटकला आणि यांच्यासमोर उभी राहिली.

“अण्णा म्हंजे बाईंच्या घरातला माणूस,” ती सांगू लागली. “त्येला मिशी असती, डाव्या अंगाला जरा जास्त असती. डोक्याला टोपी असती. त्यो कल्हई करतो. पोरांनी कथलाला हात लावला तर वराडतो, पर मारत न्हाई. जेवताना पयला घास मांजराला टाकतो. बाईंना नावानं हाक मारत न्हाई, ‘ऐकलंस का’ म्हणतो. त्यो ह्या घरात राहतो.” ती थांबली, आठवून पाहिलं आणि पुरं केलं. “दुसरीकडं कुटं राहत न्हाई.”

हे सगळं ऐकून घेत होते. मध्येच त्यांनी मिशीला हात लावून पाहिला. मग चिमट्याने हंडी उचलली आणि पाण्याच्या टाकीत बुडवली. चर्र आवाज झाला, वाफ वर गेली आणि तिच्या जागी दुसरी हवा आली. त्यांनी हात पुसले, शर्टाच्या गुंडीचं लेबल सोडलं आणि ते विस्तवात टाकलं.

“ऐकलंस का,” ते म्हणाले, “मांजर कुठाय?”

माझा हात भात्यावर होता तसाच राहिला. मांजर तांदळाच्या डब्यावर झोपलं होतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि भात टाकायला आत गेले.